फेरेट आत असताना बोलायचं नसतं

सशांना बाहेर हुसकायला त्यांच्या बिळात पाळलेली फेरेट सोडली की माणसाने तोंड मिटायचं, हा नियम वेल्सच्या त्या डोंगरखोऱ्यात लहानथोर सगळ्यांना पाठ होता. वर कोणी नुसतं खाकरलं तरी ससा आतल्या आत दडी मारतो. मागून फेरेटचे दात टोचले तर तेही सोसेल, पण माणसाच्या आवाजाच्या दिशेने पळायचा नाही. म्हणजे कामाला माणसं दोन लागणार आणि दोघांनी एक अक्षर बोलायचं नाही. असं काम जगात दुसरं कुठलं असेल तर असो, त्या खोऱ्यात हे एकच होतं. म्हणून तर एलिन प्यूला ती युक्ती सुचली.

"हेलेद येते म्हणाली," शनिवारी सकाळी नवऱ्यापुढे ओटच्या लापशीचा वाडगा ठेवत तिने सांगितलं.

इद्वलचा चमचा तोंडापाशीच थांबला. "काय सांगितलंस तू तिला?"

"जे आहे तेच. मधला दगडी गडगा बसलाय, ससे दोन्ही रानांतलं गवत फस्त करतायत, महिन्याभरात मेंढ्या व्यायला लागतील, तेव्हा त्यांच्यापुढे काय टाकणार? एकाच बाजूला जाळी लावली तर ससे दुसऱ्या बाजूने पसार होतात. म्हटलं, तू तुझ्या बाजूला उभी राहा, हा त्याच्या बाजूला राहील."

"आणि बोलणं?"

"तेच तर तिने विचारलं. म्हटलं, बोलायचं कशाला? मोदलेन बिळात असताना नाहीतरी बोलतं कोण?"

मोदलेन म्हणजे इद्वलची फेरेट. मुंगसासारखी लांबट, सायीच्या रंगाची, लाल डोळ्यांची, आणि स्वभावाने एलिनपेक्षा जरा मऊ, असं इद्वल म्हणायचा. अर्थात एलिन घरात नसताना.

हेलेद इवान्स ही शेजारची, ब्रिन ऐथिन या शेताची मालकीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेत ती एकटीच खंबीरपणे बघायची. लहानपणी ती आणि इद्वल शाळेत एकाच बाकावर बसलेले. पण गेली सहा वर्षं ती इद्वलशी एक शब्द बोलली नव्हती. एलिनशी बोलायची, त्याच्या कुत्र्याचीही विचारपूस करायची, पण इद्वल समोर आला की तिची नजर त्याच्या टोपीच्या दोन बोटं वरून जाऊन थेट डोंगरावर टेकायची.

कारण घडलं होतं चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात. त्या खोऱ्यातली माणसं आठवडाभर मेंढ्यांच्या मागे आणि रविवारी प्रवचनाच्या मागे. आणि प्रवचन म्हणजे तरी काय असायचं! चांगला पाळक, म्हणजे प्रवचन करणारा धर्मगुरू, सुरुवातीला साधंच बोलतो, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग आवाज हळूहळू चढत जातो, शब्दांना चाल लागते, आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं, हे कोणालाच सांगता येत नाही. असा रंग भरला की बाकांवरचे म्हातारे डोळे मिटून डोलायला लागतात, बायकांच्या हातातले रुमाल ओले होतात, आणि देव दूर कुठे आभाळात नसून शेजारच्या बाकावर येऊन बसलाय असं वाटायला लागतं. इद्वल या सुखासाठी पावसापाण्यात सात सात मैल चालत जायचा. गावच्या चॅपेलमध्ये त्याच्याकडे मानाचं काम होतं. चॅपेलमध्ये पेटी नव्हती. प्रवचन संपलं की पहिला सूर लावून गीत उचलायचं ते इद्वलने. वीस वर्षं तो गीत उचलत होता.

हेलेदचा धाकटा भाऊ तेक्विन पाळक झाला आणि एका रविवारी आपल्याच गावच्या चॅपेलमध्ये प्रवचनाला उभा राहिला. माणसाचा जीव म्हणजे वादळात सापडलेली नाव, असं त्याने धरलं होतं. काय ती नाव, काय त्या लाटा! डोंगरात जन्म काढलेल्या, समुद्र कधीमधीच पाहिलेल्या माणसांनी बाकांच्या कडा घट्ट धरल्या. तेक्विनचा आवाज चढत चढत पार वासे फोडून वर गेला. डोलकाठी मोडली, शिडं फाटली, आणि आता, आता बंदराचा दिवा दिसला... आणि इथे तेक्विन थांबला. एक क्षण, फार तर दोन. इद्वलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छाती भरून आली होती. त्याला वाटलं, झालं. तो उठला आणि त्याने गीत उचललं.

सगळे उभे राहून गायला लागले. पाळकाचा हात तसाच हवेत राहिला. कोणाच्याही आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

गाव नंतर महिनाभर हसत होतं. इद्वल प्यूने नाव बंदराबाहेरच नांगरली, असं लोहार म्हणायचा. हेलेद मात्र हसली नाही. चॅपेलच्या पायरीवर ती इद्वलला एवढंच म्हणाली, "माझ्या भावाचं प्रवचन तू मारलंस," आणि ते शेवटचं. तेक्विन दुसऱ्या दिवशी गेला तो गेला. देशभर त्याच्या प्रवचनांना गर्दी व्हायची, पण गावच्या चॅपेलचं बोलावणं आलं की त्याला नेमकं दुसरीकडे काहीतरी असायचं. इद्वलने गीत उचलणं सोडलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागला.

आता सहा वर्षांनी तेक्विन येणार होता. बाहेरून येणाऱ्या पाळकांचं राहणं-जेवण महिन्यामहिन्याने एकेका घराकडे असे, आणि हा महिना हेलेदचा होता. चॅपेलच्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम तोच गाठून तेक्विनला पत्र घातलं. बहिणीच्या दारी यायला नाही कसं म्हणेल? उद्या सकाळी त्याचं प्रवचन.

इद्वलला एकच गोष्ट हवी होती. हेलेदने बोलावं. शिव्या घातल्या तरी चालतील. भाऊ गावात आला आणि तरी ती बोलली नाही, तर मग या जन्मी बोलायची नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं," एलिन म्हणाली. "तुझं काय, अर्ध्यात गायला लागशील."

दुपारी तो जाळ्यांची पिशवी आणि मोदलेनची पेटी घेऊन वर गेला. हेलेद आधीच तिच्या बाजूला येऊन उभी होती. गडग्याच्या वर फक्त तिची जुनी फेल्टची टोपी दिसत होती.

तो गडगा त्यांच्या आज्यांच्या आज्यांनी रचलेला. चुना नाही, चिखल नाही. धोंड्यावर धोंडा आणि पोटात बारक्या दगडांच्या चिपा. वरचा अर्धा इद्वलच्या शेताने राखायचा, खालचा अर्धा हेलेदच्या शेताने, अशी वाटणी होती, आणि मधोमध खूण म्हणून एक उभा दगड. पूर्वी दर वसंतात दोघं आपापलं काम करत त्या उभ्या दगडाशी येऊन भेटायचे आणि मधला तुकडा मिळून नीट करायचे. सहा वर्षं ती भेट बंद होती. चुकून गाठ पडू नये म्हणून इद्वल दगडाच्या दहा हात अलीकडेच काम थांबवायचा, आणि हेलेदही तिच्या बाजूने दहा हात अलीकडेच. मधले वीस हात कोणाचेच नाहीत. सशांना असली जागा बरोबर कळते. त्यांनी पायाखालून उकरून उकरून तिथे एक गावच वसवलं, पायाचे धोंडे खचले, आणि जानेवारीतल्या एका ओल्या सकाळी गडगा म्हाताऱ्या बैलासारखा खाली बसला.

दोघांनी आपापल्या बाजूची बिळं शोधून प्रत्येक तोंडावर जाळं पसरलं. बटव्यासारखं जाळं, ससा आत शिरला की दोरी आपोआप आवळते. इद्वलने खिंडारातून पाहिलं. हेलेदने मान हलवली. टोपीच्या वर नाही, थेट त्याच्याकडे बघून. कामापुरतीच होती ती नजर, पण इद्वलने हातातली मोदलेन नको तितकी आवळली आणि तिने त्याबद्दल त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला.

तिला बिळात सोडलं. दोघांनी कान टवकारले.

पहिल्यांदा जमिनीतून धप् असा आवाज आला; आत ससा मागचा पाय आपटून भाऊबंदांना इशारा देत होता. मग गडग्याच्या पोटात खडखड, चार चिपा घरंगळल्या, आणि हेलेदच्या बाजूचं जाळं एकदम जिवंत झालं. तिचा हात सराईत होता. मानेला एक झटका, संपलं, सशाला कळायच्या आत. जाळं पुन्हा तोंडावर. दुसरा इद्वलकडे आला. तिसरा तिकडे, चौथा इकडे, पाचवा पुन्हा तिकडे. मधे कोणी हूं का चूं केलं नाही. ती बोट दाखवायची, तो सरकायचा. तो भुवई उडवायचा, ती जाळं हलवायची. लग्नाला चाळीस वर्षं झालेली नवराबायकोसुद्धा इतकी समजून वागत नाहीत.

मग सगळं थांबलं. इद्वलने थोडा वेळ वाट पाहिली. पाच झाले, म्हणजे बीळ रिकामं, असं वाटून तो वाकून जाळं उचलायला गेला. खिंडारातून हेलेदचा तळवा वर आला. थांब.

तो थांबला. पाय बधिर झाले, नाकातून पाणी यायला लागलं, पण जागचा हलला नाही. डोंगरावरून ढगाची सावली हळूच उतरली आणि शेतं ओलांडून पलीकडे गेली. आणि मग एकदम, एकापाठोपाठ एक, तीन. दोन त्याच्याकडे, एक तिच्याकडे. आठवा जाळ्यात पडला तेव्हा हेलेदने त्याच्याकडे बघितलं त्या नजरेत 'बघ, सांगत होते ना' असं काहीतरी होतं, आणि ते काही निव्वळ कामापुरतं नव्हतं.

एवढ्यात वरच्या पायवाटेने तेक्विन आला. काळा कोट, काळी हॅट, हातात बॅग. उद्या यायचा तो बहिणीच्या ओढीने आजच आला होता. गडग्याच्या दोन बाजूंना ती दोघं एकत्र उभी दिसताच त्याने तोंड उघडलं. तोंड म्हणजे ते तोंड, की ज्यातून आवाज निघाला तर चार खोऱ्यांत ऐकू जावा. गडग्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन बोटं ओठांवर गेली.

पाळकाला गप्प बसवायची हिंमत गेल्या सहा वर्षांत कोणी केली नव्हती. पण शेवटी तो याच मातीतला. त्याने तोंड मिटलं, बॅग हळूच खाली ठेवली आणि चवड्यांवर चालत खिंडाराच्या वरच्या टोकाला येऊन उभा राहिला. तिथे गवताखाली एक बीळ होतं, ते दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. तेक्विनच्या दोन पायांच्या मधून एक मोठा ससा सुटला. पाळक कोलमडला, पण कोलमडता कोलमडता त्याने हॅट काढून सशावर टाकली आणि अंगासकट तिच्यावर पडला. हॅट हलायला लागली. ती हॅट दोन्ही हातांनी दाबून, काळा कोट चिखलात, गळ्यातली पांढरी पाळकी पट्टी कानाशी, असा तो पालथा पडून राहिला, आणि तोंडातून अवाक्षर नाही, कारण मोदलेन अजून आत होती.

हेलेदने दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे खांदे गदगदायला लागले. इद्वलने टोपीच दातांत धरली. ती त्याच्याकडे बघायची आणि आणखी गदगदायची. तो तिच्याकडे बघायचा आणि गडग्याला टेकायचा. इतकं हसून कोणी इतकं गप्प राहिलं नसेल.

आणि मोदलेन बाहेर आली. नाकावर माती, शांतपणे जांभई देत. इद्वलने तिला उचलून पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

आता बोलायला मोकळीक होती, आणि म्हणूनच कोणी बोलेना. हसू ओसरलं. हेलेदची नजर सवयीने वर सरकायला लागली; टोपीच्या काठापर्यंत आलीसुद्धा.

तेक्विन उठला, कोट झटकला, हॅटमधला ससा इद्वलच्या हातात दिला. "इद्वल," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही गीत उचललंत, तेव्हा..."

"चुकलं माझं, पाळकसाहेब," इद्वल घाईघाईने म्हणाला. "तुमचं संपलं नव्हतं आणि मी..."

"बोलू द्यावं माणसाने त्याला," हेलेद डोंगराला म्हणाली.

"संपलं नव्हतं, हे खरं," तेक्विन म्हणाला. "पण पुढे काही नव्हतंही."

"म्हणजे रे?" इद्वल पाळकाला अरे म्हणाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"म्हणजे नाव आणली बंदराच्या तोंडाशी, आणि डोकं कोरं. एक शब्द आठवेना. बंदर कुठल्या अंगाला होतं तेही आठवेना. सगळं गाव माझ्याकडे बघतंय, आणि मी मनात म्हणतोय, देवा, काहीतरी कर. तेवढ्यात तुम्ही उठलात. मला वाटलं देवाने ऐकलं. मी अजून तसंच मानतो."

वाऱ्याने गवत हललं. हेलेद खिंडारात चढून आली.

"आणि हे तू सहा वर्षांनी सांगतोस?"

"दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. पण लोक म्हणायला लागले की प्रवचन इतकं रंगलं की इद्वलचं भान हरपलं. गोड वाटलं ते मला. मग एक आठवडा गेला, मग एक वर्ष गेलं, मग गावात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. आणि तुझा राग बघितल्यावर तर..."

"माझा राग. अरे, गेल्या थंडीत याची एलिन आजारी होती, तेव्हा मी मटणाचा रस्सा दारात ठेवून चोरासारखी पळाले, हा दार उघडेल म्हणून. आणि तू तिकडे दक्षिणेत लोकांना रडवत होतास. कशावर बोलायचास तिकडे?"

तेक्विनने बुटांकडे पाहिलं. "बरेचदा पश्चात्तापावर."

"बरेचदा," हेलेद म्हणाली. मग ती वळली. "आणि तू."

इद्वलने एकदा मागे वळून बघितलं. मागे मेंढी होती.

"तू तूच. सहा वर्षांत एकदाही चुकलं म्हणाला नाहीस."

"म्हणणार कुणाला? तू बोलतच नव्हतीस."

"बोलत नव्हते. बहिरी झाले नव्हते."

त्याने टोपी काढली. "चुकलं, हेलेद. याचं डोकं कोरं झालंय हे मला काय ठाऊक? मला वाटलं, प्रवचन संपलं. खरं सांगू? संपलं नाही, श्वास घेतोय, हेही आत कुठेतरी कळत होतं. पण गीत गळ्याशी आलं होतं आणि थांबवेना."

"ते मला तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर एवढा राग आला." ती ससे गोळा करायला वाकली. "उचललं मात्र सुरेख होतंस."

इद्वलला टोपी परत घालायचं सुचेना. ती हातातच फिरवत तो उभा राहिला. हेलेदने ससे गवतावर ओळीने मांडले. "चार तुझे, चार माझे, हॅटमधला पाळकांचा. आता असे बघत काय उभे राहिलात? उद्या रविवार, देवाचा दिवस, दगडाला हात लावता येणार नाही. दिवस आहे तोवर हे खिंडार बुजवू. कोट काढ रे, तेक्विन."

बिळांमध्ये मोठमोठे धोंडे ठोकून बसवले, पायासाठी खोल उकरलं, आणि गडगा दोन्ही बाजूंनी वर यायला लागला. इद्वल त्याच्या अंगाने धोंडा बसवायचा, ती तिच्या अंगाने, आणि अस्तन्या सारून पाळक मधे चिपा भरायचा. हेलेद बोलत होती. सहा वर्षांचं सगळं साठलेलं: गोठ्याचं छप्पर कसं उडालं, तांबड्या गाईला जुळी वासरं झाली, डाव्या दाढेने कसा छळ मांडलाय, चॅपेलचा नवा गीत उचलणारा कसा नाकात गातो आणि शेवटच्या बाकावर बसून ते ऐकणाऱ्याला ते कसं सहन होतं.

"होत नाही," इद्वल म्हणाला.

"मग उद्या पुढे येऊन बस. काय लाजायचंय? आम्ही सांगू त्या नाकात गाणाऱ्याला."

तेक्विनने दोनदा काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण कोणी ऐकेना. ज्याला ऐकायला माणसं डोंगर ओलांडून यायची, त्याला इथे कोणी विचारत नव्हतं. तो खुशाल चिपा भरत राहिला आणि खालच्या पट्टीत काहीतरी गुणगुणायला लागला.

गडगा खांद्याएवढा झाला. इद्वलने एक लांबट, भरभक्कम धोंडा निवडला, दोन्ही थरांना पकडेल असा, आणि आडवा बसवला. चाळीस वर्षं गडगे रचलेल्या हाताने बसवलेला धोंडा. तसूभर हलत नव्हता.

हेलेदने मान तिरकी करून पाहिलं. "हा उलटा बसवलायस. रुंद तोंड माझ्याकडे हवं. काढ."

धोंडा बरोबर होता. इद्वलला माहीत होतं, तेक्विनला दिसत होतं, आणि बहुतेक हेलेदलाही कळत होतं. इद्वलने तो निमूटपणे काढला, फिरवला, पुन्हा बसवला आणि तिच्याकडे बघितलं.

"आता जरा डावीकडे," ती म्हणाली.

त्याने तो डावीकडे सरकवला.